सहावा चमचा

आठ दिवसांसाठी माझं घर भाड्यानं गेलं.
कोप्लीच्या ट्रामचा शेवटचा थांबा, लाकडी इमारत, दुसरा मजला,
खिडकीतून गोदीच्या गंजलेल्या क्रेन.
त्यांना हवं होतं अगदी तसंच.
पैसे बरे होते. हिवाळ्याचं सरपण निघालं असतं.

सही घेताना त्या मुलीनं विचारलं,
राइसा पेत्रोव्हना, सिनेमाचा विषय जरा जड आहे, चालेल ना?
चालेल म्हटलं.
ग्लेबचं नाव काढलं नाही.
कशाला काढू? भाडं थोडंच वाढणार होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या भिंती मळवल्या.
पोरं शिडीवर चढून चहाच्या पाण्याचे ओघळ सोडत होती.
ओट्यावर खरकटी भांडी रचली,
पडदा फाडला, नवा भरून देऊ म्हणाले.
एवढी घाण या घरात कधीच नव्हती.
त्या सगळ्या वर्षांत मी फरशी रोज पुसायचे,
कधी दोनदा.
तो न्हाणीघरात, नळ सोडून,
आणि बाहेर मी, गुडघ्यांवर, फडकं घेऊन.
बिल आलं की आम्ही कडाकडा भांडायचो,
पाण्यावरून.
फक्त पाण्यावरून.

आधी चमचे गेले.
लग्नातले सहा, दांड्यावर द्राक्षांचा घड.
पहिला गेला, वाटलं कचऱ्यात गेला असेल.
दुसरा गेला तेव्हा शेजारच्या सालमेला मनातल्या मनात
चोर ठरवून मोकळी झाले.
त्यानंतर मोजलेच नाहीत.
मोजलं की उत्तर निघतं.

सामानवाला वेल्यो, पंचविशीचा असेल,
टेबलावर जळके चमचे मांडत होता,
मेणबत्तीवर धरून काळे केलेले.
बरोबर वाटतात का हो, त्यानं विचारलं,
मीठ पुरे झालं का विचारावं तसं.
मी म्हटलं, खाली बोटानं पुसल्याची खूण असते.
अर्धवट. घाईतली.
आई उठायच्या आत पुसलेली.
तो बघत राहिला माझ्याकडे.
मग अंगठ्यानं एकेक चमचा पुसत गेला.
बोलला काही नाही. शहाणं पोर.

नट तिसऱ्या दिवशी उगवला.
अकरा किलो उतरवलेले, सोबत आहार सांगणारी बाई.
थरथरला सुरेख. किंचाळला, बशा फोडल्या,
सिनेमातली आई त्याची छाती बडवत राहिली.
ग्लेब कधी ओरडला नाही.
बरंय गं मी, म्हणायचा,
हसायचा, दात दिसणार नाहीत एवढंच.

सात वेळा तो नट माझ्या न्हाणीघरात मेला.
सात वेळा उठला, गुडघे झटकले,
एकदा तर माझ्याकडे मुरांबा मागितला चहाबरोबर.
सहाव्यांदा त्याला उठायला जरा उशीर झाला.
जरासाच.
माझ्या हातातून किटली सुटली
आणि कुणीतरी ओरडलं, आवाज नको.

आवरताना त्यांनी टब सरकवला, मागची शेवाळ धुतली,
भिंतींना रंग दिला, आधीपेक्षा उजळ.
वेल्यो डबा भरताना अडला.
आपले पाच होते, सहा कसे?
एकाचा दांडा त्यानं उजेडात धरला.
द्राक्षं.
पुसून देतो म्हणाला.
राहू दे, म्हटलं. दे तसाच.

सिनेमा लागला तेव्हा सालमे जाऊन आली.
घर ओळखूच येत नाही गं, म्हणाली,
पण आई झालेली ती बाई फार छान रडते.
मी चहा ढवळत होते,
दोनातला जो हाताला लागला त्या चमच्यानं.
साखर तिला अजून एक हवी होती, घातली.
तिला मी चोर ठरवलं होतं,
हे सांगायचं राहूनच गेलंय.